जिथे ९० हे १२०पेक्षा मोठं असतं

कर्जतच्या चारफाट्यावर उभं राहून होर्डिंगं वाचा. आमच्याकडे घरं चौरस फुटांपेक्षा मिनिटांवर जास्त विकली जातात. स्टेशनपासून ५ मिनिटं, एक्स्प्रेसवेपासून २० मिनिटं, विमानतळापासून ४५ मिनिटं. नेरळ, भिवपुरी, चौक, खोपोली, सगळीकडे हीच भाषा. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम डोळ्यांना दिसायला लागल्यापासून या मिनिटांना आणखीच जोर चढलाय. ही मिनिटं कुठल्या गाडीने आणि कुठल्या महिन्यात मोजली, हे विचारायचं नसतं. (२०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती. तिच्यातल्या प्रवाशांना विचारा मिनिटं म्हणजे काय ते.)

या होर्डिंगांवर जलतरण तलाव असतो, डोंगर असतो, योगा करणारी बाई असते. एक आकडा मात्र मी आजवर कुठेच पाहिलेला नाही. खाली आग लागली तर तुमच्या मजल्यावरचं जिन्याचं दार किती मिनिटं टिकेल?

हा आकडा अस्तित्वात असतो. तो कागदावर लिहिलेलाही असतो. तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि माझं भांडण त्यावरूनच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. राहतो खोपोलीत. आठवड्यातून दोन दिवस खोपोली-कर्जत-ठाणे-ऐरोली अशी वारी करतो, उरलेले दिवस घरूनच काम. आमची कंपनी आर्किटेक्ट लोक जी त्रिमितीय मॉडेलं बनवतात त्यांच्यासाठी जोड-अवजारं लिहिते. रेव्हिट हे त्यातलं सगळ्यात चालणारं सॉफ्टवेअर. त्यात भिंत काढली की ती नुसती रेघ नसते. ती कशाची आहे, किती जाड आहे, तिच्यात कुठली दारं बसली आहेत, हे सगळं तिच्यासोबत येतं. दारावर क्लिक केलं की गुणधर्मांची यादी उघडते: रुंदी, उंची, साहित्य, किंमत. त्याच यादीत एक रकाना असतो, 'फायर रेटिंग'. आमचे बहुतेक ग्राहक इंग्लंडमधले. लंडनच्या कुठल्याशा इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या दाराला 'एफडी ३०' म्हणायचं की 'एफडी ६०', हे खोपोलीत पंख्याखाली बसून तपासायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा.

आता हा आकडा म्हणजे काय ते सांगतो, कारण इमारतीत राहणाऱ्या माणसांना तो कोणी सांगत नाही. दार भट्टीच्या तोंडावर बसवतात. भट्टीचं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढवत नेतात: ३० मिनिटांना साधारण ८४२ अंश, ६० मिनिटांना ९४५, १२० मिनिटांना १,०४९. ज्वाळा पलीकडे जायला लागल्या की घड्याळ थांबतं. दार उष्णताही अडवतं असं म्हणायचं असेल तर मागची बाजू सरासरी १४० अंशांहून जास्त तापता कामा नये, हीसुद्धा अट. आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत अशा चाचण्या होतात. आणि चाचणी एकट्या पल्ल्याची नसते. चौकट, बिजागऱ्या, आपोआप बंद करणारा क्लोजर, काच, कडेला बसवलेली फुगणारी पट्टी, हे सगळं मिळून एक दार. ती पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. यातली एक गोष्ट बदलली की चाचणी झालेलं दार ते हे दार नव्हे.

म्हणजे '१२०' हा आकडा दाराचा रंग किंवा उंचीसारखा गुणधर्म नाही. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी खरोखर जाळून पाहिलं, याची ती साक्ष आहे. आता ही साक्ष आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी नोंदवतात? मजकूर म्हणून. तो रकाना अक्षरांचा आहे, आकड्याचा नाही. त्यात तुम्ही '१२०' लिहा, 'दोन तास' लिहा, 'बाबांना विचारा' लिहा, सॉफ्टवेअर हूं का चूं करत नाही.

दारांची रुंदी चुकून ऋण टाकली तर ते लगेच ओरडतं. अग्निरोधाबद्दल ते कशालाही राजी असतं.

मी कामाला लागलो तेव्हा पहिलं मोठं काम मिळालं ते याच रकान्याचं. नियम सोपा होता: दाराचं रेटिंग ज्या भिंतीत ते बसलंय तिच्यासाठी ठरलेल्या किमान मिनिटांपेक्षा कमी असेल तर दार लाल दाखवायचं, नाहीतर हिरवं. मी कोड लिहिला. रकान्यातली 'मिन', 'एचआर', 'एफडी' असली अक्षरं छाटली, उरलेले अंक एकमेकांशी ताडले. चाचणीसाठी चार दारं घेतली, चारही बरोबर आली. अवजार कामाला लागलं.

एक गोष्ट विसरलो. छाटून उरलेले अंक हे अंक दिसत असले तरी संगणकाच्या लेखी अजून अक्षरंच होती. अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिल्या अक्षरापासून. '९०' आणि '१२०' यांत मोठं कोण? पहिलं अक्षर बघा: ९ आणि १. ९ मोठा. म्हणून ९० मोठे. याच न्यायाने ६० मोठे, ४५ मोठे, ३०सुद्धा १२०पेक्षा मोठे. १२० मिनिटांच्या भिंतीत ३० मिनिटांचं दार, आणि माझं अवजार म्हणतंय हिरवं.

दोन महिने ते हिरवं म्हणत होतं. तिकडच्या एका तपासनिसाने तळघरातल्या एका दारावर बोट ठेवलं: तक्त्यात ३० दिसतंय, भिंत १२०ची आहे, तुमचं अवजार काय तपासतं? मी स्क्रीनकडे बघत बसलो. माझ्या चाचणीतल्या चारही दारांत योगायोगाने दोन अंकीच आकडे होते. दुरुस्ती एका शब्दाची होती, अक्षरांचा आकडा करून घ्यायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं पोर ही चूक करतं आणि प्रॅक्टिकलला एक गुण गमावतं. मी काहीच गमावलं नाही. टीम लीड म्हणाला, होतं असं, टिकीट बंद कर.

ती इमारत अजून कागदावरच होती, एवढंच नशीब. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मॉडेलमधला तो रकाना मी उघडून वाचायला लागलो. परदेशी मॉडेलांत गोंधळ असतो, पण निदान त्या गोंधळाला वंशावळ असते. इंग्लंडमध्ये 'एफडी ३०एस', युरोपात वेगळीच अक्षरं, अमेरिकेत तास आणि मिनिटं दोन्ही. भारतातल्या प्रकल्पांच्या मॉडेलांत मी वाचलेल्या नोंदी सांगतो: 'दोन एचआर'. '२ एचआरएस'. '१२० एमएम'. 'हो'. 'कोडप्रमाणे'. 'नंतर ठरेल'. आणि एका संपूर्ण इमारतीतल्या प्रत्येक दारासाठी, एक टिंब. नुसतं टिंब. कारण ग्राहकाच्या यादीत अट होती की हा रकाना रिकामा सोडू नये.

१२० एमएमवर हसून झालं असेल तर पुढचं सांगतो, ते हसण्यासारखं नाही. अशाच एका कामासाठी मी एक बटण लिहून दिलं. जिन्याच्या आणि लिफ्ट लॉबीच्या ज्या दारांचा रकाना रिकामा आहे, त्यांत '१२०' भरायचं. नॅशनल बिल्डिंग कोड या जागी १२० मिनिटंच मागतो, म्हणजे मी नियमाबाहेरचं काही भरत नव्हतो, असं मी स्वतःला समजावलं. बटण दाबलं, एकशे छप्पन्न दारं एका सेकंदात अग्निरोधक झाली. नकाशावर सगळ्या जिन्यांभोवती सुबक लाल रेघ उमटली. ग्राहक खूश, सादरीकरण छान. दार कुठून येणार, कोणी बनवलंय, जाळून पाहिलंय का, हे त्या क्षणी जगात कुणालाच माहीत नव्हतं, कारण दार अजून विकतच घेतलेलं नव्हतं. जे असायला हवं ते आणि जे आहे ते, दोन्ही एकाच रकान्यात, एकाच टंकात. वाचणाऱ्याला फरक कळायची सोय नाही.

माझा मुख्य आरोप हाच आहे आणि तो आधी माझ्यावर आहे, मग माझ्या धंद्यावर. बिल्डर दार बदलतो, अधिकारी बघत नाही, सोसायटी क्लोजर काढून टाकते, हे सगळं खरं. पण खोटं तिथे सुरू होत नाही. ते आमच्या फायलीत, वातानुकूलित खोलीत, कसलाही हेतू न ठेवता सुरू होतं. अपेक्षेला वस्तुस्थितीचा सदरा घालून आम्ही पुढे पाठवतो.

आमच्या इमारतीत गेल्या एप्रिलमध्ये रात्री दोनच्या सुमाराला मीटररूम पेटली. सात मजली इमारत, आम्ही सहाव्यावर. राष्ट्रीय संहितेत १५ मीटरच्या वरची इमारत 'उंच' धरतात, म्हणजे आमची उंच. मीटररूम, आपल्याकडे जशी असते तशी, जिन्याच्या बुडाशी. आग मोठी नव्हती. वायरींचं वेष्टण जळत होतं, त्याचा काळा, चिकट धूर जिन्यात शिरला आणि चिमणीतून जावा तसा सरळ वर आला.

जिन्याला प्रत्येक मजल्यावर दार आहे. ती सगळी दारं सताड उघडी होती. प्रत्येक दाराला रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती भरून टेकण लावलेलं. घाटाकडून वारा सुटला की ती दारं आपटतात, तान्ही पोरं उठतात. क्लोजर तर मुलांच्या सायकली अडकतात म्हणून केव्हाच काढलेले. आमच्या मजल्यावरचा डबा बाबांनीच आणून ठेवला होता. तोही मापाचा, एशियन पेंट्सचा वीस लिटरचा.

मी दार उघडलं आणि मिटलं, एवढ्यात पॅसेज दिसेनासा झाला होता. आईचे गुडघे असे की दिवसा उजेडी सहा मजले उतरायला तिला अर्धा तास लागतो. आम्ही उतरलो नाही. ओल्या चादरी दाराच्या फटीत कोंबल्या आणि गॅलरीत उभे राहिलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी हाका मारत होत्या. बाबा खोकत होते आणि खोकताखोकता मला विचारत होते, "तुझं ते कामच आहे ना रे हे? किती वेळ असतो?" मला उत्तर देता आलं नाही. गाडी आली, आग विझली, धूर निवायला पहाट झाली. सगळे सुखरूप. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी टॉर्च घेऊन दार तपासलं. लंडनच्या दारांच्या कडेला एक छोटा रंगीत प्लग किंवा लेबल असतं. त्यावरून कोणी बनवलं, कोणी प्रमाणित केलं, किती मिनिटांचं, हे शोधता येतं. आमच्या दाराच्या कडेला रंगाचे ओघळ होते. फुगणारी पट्टी नाही, तिच्यासाठी खाचही नाही. वर बघण्यासाठी चौकोनी काच, साधी. बोटाने वाजवलं, आत पोकळ. संडासाला लावतात तसं फ्लश डोअर. मग सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशा काढला. त्यावर त्याच दाराशेजारी, सुवाच्य अक्षरांत, 'एफडी १२०'.

ते मी लिहिलेलं नव्हतं. इमारत उभी राहिली तेव्हा मी बारावीत होतो. पण लिहिणारा माझ्यासारखाच कोणीतरी असणार, घाईत, संध्याकाळची लोकल पकडायची असलेला.

इथे कोणीतरी म्हणेलच, हे आपल्याकडचं आहे, बाहेर असं नसतं. लंडनमध्ये १४ जून २०१७ला ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं मेली. त्यानंतर पोलिसांनी तिथलं एक न जळालेलं फ्लॅटचं दार काढून चाचणीला दिलं. ३० मिनिटं टिकायला हवं असलेलं ते दार सुमारे १५ मिनिटांत गेलं. म्हणजे तिकडेही लेबल आणि लाकूड वेगळं निघालं. फरक पुढे आहे. तिथे माणसं त्या पंधरा मिनिटांच्या मागे लागली. हा आकडा इमारतीच्या जन्मापासून शेवटपर्यंत सांभाळायचा, कोण सांभाळणार त्याचं नाव असायचं, आणि माहिती डिजिटल ठेवायची, असा कायदा २०२२मध्ये झाला. माझी नोकरी त्या कायद्याच्या जिवावर चालते. त्यांची माणसं मेल्यावर त्यांनी दारं मोजायला घेतली आणि मोजायचं काम स्वस्तात करून घ्यायला आमच्याकडे दिलं. गंमत बघा, खोपोलीत बसून मला लंडनच्या इमारतीतलं कुठलं दार कुठल्या कारखान्यात बनलं ते सांगता येतं. माझ्या आईच्या जिन्याचं सांगता येत नाही.

आपल्याकडे आग लागली की काय होतं? २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री कमला मिलमध्ये १४ जण गेले, त्यातले बरेच स्वच्छतागृहात धुराने गुदमरून. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात १० बाळं गेली, ७ वाचवता आली. दर वेळी चौकशी, दर वेळी राज्यभर 'फायर ऑडिट'चे आदेश. ऑडिटमध्ये यंत्रं मोजली जातात: सिलिंडर किती, होज किती, पंप चालतो का. भिंत आणि दार हे यंत्र वाटत नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सिलिंडर लाल असतो, दिसतो, फोटोत छान येतो. जिन्याचं बंद दार फोटोत नुसतं बंद दार दिसतं. आणि माणसं जास्त करून मरतात ती ज्या धुराने, तो अडवायचं काम मात्र त्या दाराचं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे. त्यात सोसायटीने किंवा मालकाने दर वर्षी जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन, यंत्रणा सुस्थितीत असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुम्ही इमारतीत राहत असाल तर उद्या सेक्रेटरींना विचारा, जुलैचं 'ब' प्रमाणपत्र कुठे आहे. मी विचारलं. काकांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे लिफ्टचं का?"

परवानगीच्या बाजूलाही हेच. डिसेंबर २०२०पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, नकाशे ऑनलाइन जातात, सॉफ्टवेअर ते वाचतं. पण ते काय वाचतं? कॅडच्या थरांवरच्या रेघा: सामासिक अंतर, चटई क्षेत्र, जिन्याची रुंदी, पार्किंग. चटई क्षेत्राचा एक चौरस मीटर इकडेतिकडे झाला तर फाईल परत येते, कारण त्या चौरस मीटरला पैसे आहेत. तिथे कोणी 'कोडप्रमाणे' लिहून बघावं! द्विमितीय नकाशात भिंत ही रेघ आहे, दार हा वर्तुळाचा पाव तुकडा आहे, आणि '१२०' हे त्याशेजारी ठेवलेलं चिठोरं. चिठोरं उचलून दुसरीकडे ठेवलं तरी दाराला पत्ता लागत नाही.

माझ्या क्षेत्रातली मंडळी इथे लगेच म्हणतात, म्हणूनच तर मॉडेल आणा, बिम सक्तीचं करा, सगळं सुटेल. मी यातलाच आहे म्हणून सांगतो, सुटणार नाही. मॉडेलमध्ये खोटं जास्त सफाईने बोलता येतं. 'टाइप' नावाची सोय असते: एका प्रकारच्या दोनशे दारांना एकदाच आकडा दिला की दोनशेंना लागतो. सोय उत्तम, पण खरं दार 'टाइप' नसतं. चौथ्या मजल्यावरच्या दाराची बिजागरी निघालेली असू शकते आणि पाचव्यावरच्याची नाही. तीच गत भिंतीची. १२० मिनिटांच्या भिंतीतून इंटरनेटवाल्याने ड्रिलने भोक पाडून केबल नेली आणि भोक तसंच ठेवलं, तर ती भिंत आता किती मिनिटांची? मॉडेलमध्ये अजून १२०चीच.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. वेगवेगळ्या देशांची वर्गवारी वेगळी, म्हणून आयएफसी या आंतरराष्ट्रीय मानकानेसुद्धा हा रकाना मजकुराचाच ठेवला आहे आणि आपापल्या देशाच्या वर्गवारीप्रमाणे भरा, असं म्हटलं आहे. मान्य. ज्यांनी हे ठरवलं ते मूर्ख नव्हते. पण त्यांनी मोकळी सोडलेली जागा प्रत्येक देशाने भरायची होती. आपण टिंब भरलं. या रकान्यात ३०, ६०, ९०, १२० यांपलीकडे काही चालणार नाही, असा नियम फाईलवर लावण्याचं तंत्र आता तयार आहे. त्याला नवा शोध लागत नाही, कुणीतरी अट घालावी लागते.

तिसरा आक्षेप पैशांचा. चाचणी झालेलं दार साध्या दारापेक्षा कितीतरी महाग. खोपोलीतला मध्यमवर्गीय ग्राहक आधीच कर्जात, दारांचे पैसे त्याच्याच डोक्यावर पडणार. यावर मला राग येतो, तो असा: त्याने पैसे दिलेलेच आहेत. नकाशात १२०चं दार आहे, मंजुरी १२०च्या दारावर मिळाली आहे, किंमत त्या इमारतीची लावली आहे. महाग दार परवडत नाही असा हा प्रश्नच नाही. महाग दार विकून स्वस्त दार बसवलं, याला साध्या मराठीत जे म्हणतात ते म्हणा.

मला काय हवंय ते सांगतो, त्यात क्रांतिकारक काही नाही. दोन रकाने हवेत, एक नव्हे. पहिल्यात 'हवी असलेली मिनिटं', ती आर्किटेक्टने भरावीत. दुसऱ्यात 'सिद्ध झालेली मिनिटं', आणि त्यात चाचणी अहवालाचा क्रमांक, दार बनवणाऱ्याचं नाव आणि बसवल्याची तारीख दिल्याशिवाय आकडा टाकताच येऊ नये. रिकामा असेल तर रिकामा दिसावा, लाल दिसावा. माझ्या बटणासारख्या बटणांना हा दुसरा रकाना बंद असावा. आणि तो आकडा फायलीत न राहता दारावर यावा, मराठीत, कडेला, पुसता न येणाऱ्या पट्टीवर. हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा चारफाट्यावर यावं. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. डोंगराच्या फोटोवर क्यूआर कोड बसतो, मग दारावर का बसत नाही? मोबाईल दाराला लावला की मिनिटं, अहवाल आणि शेवटची तपासणी दिसावी. घर घेताना नळ सोडून बघतोच ना आपण, तसं हेही बघू.

आमच्या कंपनीत मी दोन रकान्यांची सूचना मांडली. लंडनच्या कामांसाठी ती लगेच मान्य झाली, तिकडे मागणी आहे. इथल्या कामांसाठी ऐच्छिक ठेवली आहे. आजवर ती कुणीही चालू केलेली नाही. 'रिकामे भरा' हे बटण मी माझ्याच हाताने काढून टाकलं, त्यावर दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या.

सोसायटीची सभा मे महिन्यात झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, गणपतीची वर्गणी आणि शेवटी 'जिन्याची दारे'. मीटररूमला वेगळं दार करायचं ठरलं. बाकी दारांचं पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. मी म्हटलं, निदान डबे तरी आज काढूया. यावर अर्धा तास चर्चा झाली. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, "अरे, पण दार पोकळच आहे म्हणतोस, मग बंद ठेवून तरी काय फायदा?" प्रश्न बरोबर होता. पोकळ दारसुद्धा बंद असेल तर काही मिनिटं धूर अडवतं, मी म्हटलं. "काही म्हणजे किती?" तेच बाबांनी गॅलरीत विचारलं होतं.

त्या रात्री मी मार्कर घेऊन सातही मजल्यांवरच्या दारांच्या कडेला लिहिलं: 'हे दार किती मिनिटं टिकेल ते माहीत नाही.' दुसऱ्या दिवशी ग्रुपवर गदारोळ. भाडेकरू बघायला येतात, फ्लॅटची किंमत पडेल, पुसून टाक. सेक्रेटरी काका स्वतः थिनर आणि फडकं घेऊन वर आले. पाचव्या मजल्यापर्यंत त्यांनी पुसत आणलं होतं. सहाव्यावर बाबा आमच्या दारात उभे होते, रेतीचा डबा दोन्ही हातांनी उचलून खाली न्यायच्या तयारीत. "आमच्या मजल्यावरचं राहू द्या," बाबा म्हणाले, आणि डबा घेऊन जिना उतरायला लागले.